वखारीतला लॅपटॉप आणि हलकी ओएस

गेल्या पावसाळ्यात निपाणीचे दाजी लॅपटॉपची बॅग घेऊन बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात आले. सोबत भाची, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला शिकणारी. "मामा, चालू व्हायला आठ मिनिटं लागायलीत. मी घड्याळ लावून बघितलंय," ती म्हणाली. दाजींचं मागणं साधं होतं. "फॉरमॅट मार आणि नवीन विंडोज टाक. होत नसेल तर तसं सांग, भंगारात देतो."

लॅपटॉप २०१२ सालचा. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, २ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि वर विंडोज १०. इतकी वर्षं तंबाखूच्या वखारीत हिशेबाच्या टेबलावर होता, आता भाचीला अभ्यासाला हवा होता. त्याचं मी काय केलं ते ओळीनं लिहितो. ज्यांनी लिनक्सचं नुसतं नाव ऐकलंय त्यांच्यासाठी हे आहे. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी मोफत ओएस, आणि ओएस म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, लॅपटॉप चालवणारं मूळ सॉफ्टवेअर. जाणकारांना यात नवीन काही सापडणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. "सगळ्यात हलकी ओएस कुठली?" हा पहिला प्रश्न नव्हेच. ओएस एखाद्या वेळी ५०० एमबीत भागवेल, पण तिच्यावर ब्राउझर उघडून चार-पाच टॅब केले की तो एकटाच जीबी-दीड जीबी गिळतो, आणि हलक्या ओएसवर त्याची भूक काही कमी होत नाही. म्हणून आधी यंत्र बघायचं, मग काम बघायचं. नावाची पाळी सगळ्यात शेवटी.

विंडोजवरच राहिलं तर?

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापरणाऱ्यांना नाव नोंदवून सुरक्षेचे अपडेट घेता येतील अशी मुदतवाढ दिली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, किमान ४ जीबी रॅम आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तिसऱ्या पिढीच्या आय-थ्रीचा तिथं प्रश्नच मिटला.

बाजारात "लाइट विंडोज" मारून देणारेही आहेत. कुणीतरी विंडोजमधलं काहीबाही काढून टाकून बनवलेली फाइल असते ती. चालते झकास, पण काय काढलं आणि काय घातलं हे ना तुम्हाला ठाऊक, ना दुकानदाराला. ज्या लॅपटॉपवर बँकेचा पासवर्ड टाकणार, त्यावर मी ती टाकत नाही. दाजींनाही तेच सांगितलं.

पहिलं काम: खालचं झाकण

कुठलीही ओएस उतरवण्याआधी लॅपटॉप चालू करून दहा मिनिटं नुसता ठेवा आणि कान द्या. पंखा विमानासारखा ओरडत असेल आणि डाव्या बाजूनं गरम वाफा येत असतील, तर निम्मा दोष ओएसचा नाहीच. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच कमी करतो. अशा यंत्रावर जगातली सगळ्यात हलकी ओएस टाकली तरी ते रडतच चालणार.

दाजींच्या लॅपटॉपचं झाकण काढलं तर आत वेगळाच मुलूख. पंख्याची पाती तपकिरी झालेली. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे तंबाखूच्या धुळीचा जाडसर थर, वाकळेच्या तुकड्यासारखा, चिमट्यानं अख्खा निघाला. दुकानभर वखारीचा वास. भाचीला शिंका यायला लागल्या. दाजी मात्र तुकडा हातात घेऊन वास घेत म्हणाले, "माल चांगला होता." प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती पुसून नवीन लावली, ब्रशनं जाळी साफ केली, आणि त्याच जुन्या विंडोजवर पंख्याचा आवाज निम्म्यावर आला.

हे तुम्हाला स्वतःला जमणार नसेल तर दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या, पण करा. खानापूर, जांबोटीकडच्या पावसात राहिलेल्या लॅपटॉपांत धुळीपेक्षा ओलीचा त्रास जास्त दिसतो, स्क्रूला गंज चढलेला असतो. असले स्क्रू जोर लावून फिरवू नका, डोकं घासलं की बसा.

झाकण उघडलंच आहे तर नाण्याएवढी एक चपटी बॅटरी शोधा, तिच्यावर सीआर २०३२ लिहिलेलं असतं. ती संपली की लॅपटॉपचं घड्याळ दर वेळी मागं जातं, आणि मग ब्राउझर प्रत्येक साइटवर "हे कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणून अडून बसतो. लोक याला व्हायरस समजतात. किरकोळ किमतीची बॅटरी असते, बदलून टाका. काही मॉडेलांत ती वायरीसकट येते, तेव्हा जुनी सोबत घेऊन दुकानात जावं.

दुसरं काम: तीन आकडे

कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग अबाउट. विंडोज ७ असेल तर कॉम्प्युटरच्या चित्रावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज.

रॅम किती, हा पहिला आकडा. दुसरा, प्रोसेसर ३२-बिटचा की ६४-बिटचा. इथं हमखास फसगत होते. "सिस्टिम टाइप"पुढं कधी कधी "३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स ६४ बेस्ड प्रोसेसर" असं लिहिलेलं असतं. म्हणजे विंडोज ३२-बिटची टाकली आहे, प्रोसेसर मात्र ६४-बिटचाच आहे. प्रोसेसरचं तेवढं खरं धरा. इंटेल कोअर टू ड्युओ आणि त्यानंतरचे आय-थ्री, आय-फाइव्ह सगळे ६४-बिटचे आहेत. अस्सल ३२-बिटचे म्हणजे ॲटम एन २७० सारखे जुन्या छोट्या नेटबुकमधले प्रोसेसर.

तिसरं, डिस्क कुठली आणि तिची तब्येत कशी. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचा मोफत प्रोग्राम उघडला की निळ्या रंगात "गुड" किंवा पिवळ्यात "कॉशन" दिसतं. पिवळं दिसलं तर ओएसचा विचार बाजूला ठेवा आणि आधी फोटो, कागदपत्रं बाहेर काढा. मरायला टेकलेली डिस्क हे लॅपटॉप हळू होण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे.

तिसरं काम: यावर काय करणार?

हा प्रश्न मी दाजींना विचारला तेव्हा ते म्हणाले, "सगळंच." सगळंच म्हणजे काय ते लिहून काढायला लावलं. भाचीचा अभ्यास, पीडीएफ, यूट्यूबवरचे धडे, थोडं सी प्रोग्रॅमिंग, मराठीत निबंध, कन्नडात अर्ज, आणि अधूनमधून दाजींच्या शेताचा उतारा बघणं. हे सगळं लिनक्सवर होतं. कर्नाटक सरकारच्या "भूमी" साइटवरचा उतारा किंवा "सेवा सिंधू"चा अर्ज ब्राउझरमध्येच उघडतो, त्याला विंडोज लागत नाही. सी शिकायला तर लिनक्स विंडोजपेक्षा सोपं.

पण काही जणांनी इथंच मागं फिरावं. टॅली विंडोजसाठी आहे. वखारीचा हिशेब दाजींनी आधीच दुसऱ्या डेस्कटॉपवर नेला होता म्हणून आम्ही सुटलो. श्रीलिपी, पेजमेकर, कोरल या छपाईच्या सॉफ्टवेअरांवर पोट असेल तर लिनक्सच्या वाटेला जाऊ नका. हे मी सांगतोय, कारण माझं स्वतःचं लग्नपत्रिकांचं मशीन आजही विंडोजवरच आहे. सेवा केंद्र चालवणाऱ्यांच्या अंगठा घेण्याच्या यंत्रांची सॉफ्टवेअरंसुद्धा बहुधा विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच मिळतात.

आपल्या भागातली एक खास अडचण जुन्या फाइलींची. नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला ठराव किंवा श्रीलिपीतली मराठी पत्रिका युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येईल अशा ठरलेल्या पद्धतीत, नसते. आत खरं तर इंग्रजी अक्षरं असतात, फॉन्ट त्यांना कन्नड किंवा मराठीचं सोंग देतो. फॉन्ट नसेल तर पानभर नुसती गिचमिड दिसते. असल्या फाइली जुन्या विंडोजवरच पीडीएफ करून घ्या, आणि हे ओएस बदलण्याआधी करा. नंतर आठवण होऊन उपयोग नाही.

प्रिंटरही बघून घ्या. एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्सवर चालतात. लेझरजेट १०२० ला एचपीलिप हे एचपीचं लिनक्ससाठीचं सॉफ्टवेअर आणि वर त्याचं एक प्लगइन इंटरनेटवरून घ्यावं लागतं, बाकी काही नाही. कॅननच्या एलबीपी २९०० ला मात्र कॅप्ट नावाचा वेगळा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, लागतो आणि तो बसवणं नवख्याचं काम नव्हे. घरात तोच प्रिंटर असेल तर पीडीएफ फोनवर घेऊन दुसरीकडून छापणं बरं.

चौथं काम: थोडा खर्च

ओएस फुकट मिळते म्हणून लोक एक रुपयाही घालायला तयार नसतात. मला विचाराल तर असलेल्या पैशात पहिली एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, घ्या. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी बसवली की लॅपटॉप चालू होण्यात, प्रोग्राम उघडण्यात जो फरक पडतो तो कुठल्याही ओएसनं पडत नाही. २४० किंवा २५६ जीबीची पुरे.

मग रॅम. २०१० ते २०१५ च्या दरम्यानच्या बहुतेक लॅपटॉपांत डीडीआर ३ असते. पट्टीवर पीसी ३ एल लिहिलेली, म्हणजे कमी व्होल्टेजची, मागा. ती जुन्या डीडीआर ३ च्या बहुतेक यंत्रांत चालते, आणि चौथ्या पिढीपासूनच्या पुष्कळ लॅपटॉपांना तीच लागते. जुनी पट्टी काढून दुकानात दाखवली की घोळ होत नाही. काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, तिथं इलाज नाही.

दाजींच्या लॅपटॉपात एक खाच रिकामी होती. ४ जीबीची जुनी पट्टी घातली, एकूण ६ झाली. एसएसडीचं नाव काढल्यावर दाजी जरा कुरकुरले. "भंगारात देणार होतो त्यावर आणि खर्च?" मग नवीन लॅपटॉपचा भाव ऐकून गप्प बसले.

पाचवं काम: आता नाव

लिनक्स एकच नाही, वेगवेगळ्या नावांनी मिळतं, खालची नावं त्यातलीच. ४ जीबी किंवा जास्त रॅम आणि ६४-बिट प्रोसेसर असेल तर लिनक्स मिंट, एक्सएफसीई आवृत्ती. मिंट तीन रूपांत मिळतं, सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. त्यातलं एक्सएफसीई सगळ्यात हलकं. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, विंडोज ७ वापरलेल्याला पाच मिनिटांत सवय होते. कागदोपत्री त्याला २ जीबी रॅम पुरते, सोयीनं चालायला ४ लागते असं मिंटवालेच सांगतात. २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. भाचीला मी हेच दिलं.

२ जीबीच असेल आणि वाढवता येत नसेल तर लुबुंटू किंवा एमएक्स लिनक्सची फ्लक्सबॉक्स आवृत्ती. लुबुंटू एलएक्सक्यूटी नावाच्या हलक्या डेस्कटॉपवर चालतं आणि दिसायला नीटनेटकं आहे. पण लुबुंटू ज्या उबुंटू नावाच्या लिनक्सवर बेतलंय, त्या घरात २२.०४ या आवृत्तीपासून फायरफॉक्स स्नॅप नावाच्या डब्यात भरून येतो, आणि जुन्या हार्ड डिस्कवर तो पहिल्यांदा उघडताना चहा होऊन जातो. मिंटमध्ये आणि एमएक्समध्ये तो साध्या पॅकेजात येतो. फिरती डिस्क आणि २ जीबी अशी जोडी असेल तर माझा कौल एमएक्सला.

१ जीबी किंवा अस्सल ३२-बिट प्रोसेसर असेल तर पर्याय झपाट्यानं आटत चाललेत. उबुंटूच्या घरानं ३२-बिट केव्हाच सोडलं. उबुंटू ज्यावर उभं आहे त्या डेबियन लिनक्सच्या, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीत ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. क्रोमनं ३२-बिट लिनक्स २०१६ ला सोडलं, फायरफॉक्सनं १४४ व्या आवृत्तीनंतर. डेबियन १२ वर उभं असलेलं अँटीएक्स २३ मात्र ३२-बिटमध्ये मिळतं आणि शेदोनशे एमबीत सुरू होतं. दिसायला विंडोज ९८ चा भाऊ. पपी लिनक्स पेन ड्राइव्हवरून रॅममध्ये चढतं आणि तिथूनच चालतं, तेही गमतीचं आहे. पण अशा यंत्राकडून गाणी, टायपिंग, पीडीएफ एवढीच अपेक्षा ठेवा. त्यावर यूट्यूब बघायचं म्हणाल तर मी हात जोडतो.

क्रोमओएस फ्लेक्सचं नाव पुष्कळ जण घेतात. गूगलचं आहे, मोफत आहे, किमान ४ जीबी रॅम लागते. ज्याला फक्त ब्राउझर हवा, जुळवाजुळव नको, त्या आजोबांसाठी ठीक. मात्र प्ले स्टोअर त्यात येत नाही, आणि ते अख्खी डिस्क आपल्या ताब्यात घेतं, शेजारी विंडोज राहू देत नाही. भाचीला सी शिकायचं होतं म्हणून आम्ही तिकडं गेलोच नाही.

सहावं काम: पेन ड्राइव्हवरून चालवून बघणं

लिनक्सची सगळ्यात मोठी सोय ही, की न टाकता चालवून बघता येतं. डिस्कला हात न लावता. हे न करता थेट टाकणाऱ्यांचं मला नवल वाटतं, चपलासुद्धा आपण घालून बघून घेतो.

फाइल ३ जीबीच्या आसपास असते. फोनच्या रोजच्या डेटात ती बसत नाही, तेव्हा ज्याच्या घरी वायफाय आहे त्याच्याकडे जाऊन उतरवा, आणि फक्त त्या त्या ओएसच्या मूळ साइटवरून. मग ८ जीबी किंवा मोठा पेन ड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे, आधी रिकामा करा.

एकच ओएस बघायची असेल तर विंडोजवर रुफस नावाचा छोटा प्रोग्राम पुरतो. दोन-तीन पडताळायच्या असतील तर व्हेंटॉय. तो एकदा पेन ड्राइव्हवर बसवला की पुढं फक्त फाइली कॉपी करायच्या, गाणी भरल्यासारख्या. सुरू करताना यादी येते, हवी ती निवडायची. तीन फाइलींसाठी १६ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. आम्ही मिंट, लुबुंटू आणि एमएक्स तिन्ही घातल्या आणि भाचीलाच माऊस दिला.

लॅपटॉप बंद करा, पेन ड्राइव्ह लावा, चालू करताच बूट मेनूचं, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं ते विचारणाऱ्या यादीचं, बटण टकटक दाबत राहा. डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ १२, एचपीला एस्केप आणि मग एफ ९, असुसला एस्केप. एसरला एफ १२ च, पण तो मेनू आधी एफ २ दाबून बायोसमध्ये, म्हणजे ओएसच्या आधी येणाऱ्या यंत्राच्या सेटिंग्जमध्ये, चालू करावा लागतो. अनोळखी ओएस सुरू होऊ न देणारं सिक्युअर बूट आडवं आलं तर तेही बायोसमध्येच बंद होतं.

डेस्कटॉप आला की रंगरूप बघत बसू नका, याच क्रमानं तपासा: वायफाय दिसतं का, आवाज येतो का, उजेड कमीजास्त होतो का, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकतं का, कॅमेरा लागतो का, झाकण मिटून उघडल्यावर जागं होतं का. पेन ड्राइव्हवरून सगळं हळूच चालतं, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका.

वायफाय नाही दिसलं तर घाबरू नका. फोन यूएसबी केबलनं जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, लॅपटॉपला लगेच इंटरनेट मिळतं. ब्रॉडकॉमच्या चिपा असलेल्या लॅपटॉपांत हे नेहमीचंच. टेदरिंग चालू ठेवून मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडला की तो हवा तो ड्रायव्हर आणून देतो.

सातवं काम: टाकणं

टाकण्याच्या पायऱ्या सोप्या आहेत: भाषा, कीबोर्ड, वेळ, नाव, पासवर्ड. एकच पान जिवावरचं. "इरेज डिस्क" म्हणजे डिस्कवरचं सगळं, डी ड्राइव्हसकट, गेलं. काही वर्षांपूर्वी आत्याच्या लॅपटॉपवर मी हेच केलं. फोटो "डी"मध्ये आहेत म्हणून निर्धास्त होतो. लिनक्सला सी आणि डी एकच डिस्क. नातवाच्या बारशाचे फोटो होते ते. आत्या अजून प्रत्येक बारशाला आठवण काढते.

तेव्हा आधी सगळं बाहेर काढा, बाहेर काढलेलं उघडून बघा, मगच ते बटण. नवीन एसएसडी घातली असेल तर ही भीतीच नाही, जुनी डिस्क तुमच्या हातात सुखरूप असते. शेजारी विंडोज ठेवण्याची सोय मिंटमध्ये आहे, पण नवख्यानं जुन्या, भरलेल्या डिस्कवर तो खेळ करू नये असं माझं मत.

आणि वीज. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा मेलेली असते, वायर काढली की दिवा विझतो. आपल्याकडं आषाढात एक फांदी पडली की गल्ली अंधारात. टाकणं अर्ध्यावर असताना वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. इन्व्हर्टर असलेल्या घरी बसा, पाऊण तासाचं काम आहे.

टाकून झाल्यावर

पहिल्यांदा अपडेट मॅनेजर उघडून सगळे अपडेट घ्या. रॅम ४ जीबी किंवा कमी असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून झेडरॅम-टूल्स घ्या. रॅममधलाच काही भाग दाबून भरण्याची ती युक्ती आहे, खचाखच भरलेल्या गाडीत कंडक्टर "मागं सरका, मागं सरका" करतो तशी.

मग ब्राउझर, खरा खादाड. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन घाला. जाहिराती थांबल्या की जुन्या प्रोसेसरचा श्वास मोकळा होतो. यूट्यूब अडखळत असेल तर एच-२६४-इफाय नावाचं एक्सटेन्शन आहे. यूट्यूब आता व्हिडिओ नवीन पद्धतीनं दाबून पाठवतं, ती उलगडायची सोय जुन्या ग्राफिक्सच्या चिपेत नसते, सगळा भार प्रोसेसरवर येतो. हे एक्सटेन्शन जुन्या एच.२६४ पद्धतीतला व्हिडिओ मागवतं. ४८० वर ठेवा, फळ्यावरचं अक्षर तेवढ्यात वाचता येतं.

आता टायपिंग. निबंध मराठीत, अर्ज कन्नडात, हे आपल्याकडं घरोघरी. यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. मिंट एक्सएफसीईत सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, मग लेआउट. "सिस्टिम डिफॉल्ट वापरा" बंद करा आणि यादीतल्या इंडियनच्या पोटातून "मराठी (कगप, फोनेटिक)" आणि "कन्नड (कगप, फोनेटिक)" घाला. शेवटी भाषा बदलायचं बटण ठरवा. कगप म्हणजे कन्नड गणक परिषत, नुडी काढणारी तीच संस्था. तिच्या कीबोर्डाची मांडणी लिनक्समध्ये कन्नडसाठी तर आहेच, त्याच धर्तीवर मराठीसाठीही आहे. के दाबला की क, शिफ्टसकट दाबला की ख, आणि जोडाक्षरासाठी मधे एफ. दोन्ही भाषांना बोटं तीच राहतात. भाचीला शाळेत नुडी शिकवलं होतं, तिनं माझ्याआधी "अभ्यास" टाइप करून दाखवलं. इन्स्क्रिप्टची सवय असेल तर तेही त्याच यादीत आहे. अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून लोहित किंवा नोटोचे मराठी आणि कन्नड फॉन्ट घ्या.

आठ मिनिटांचं चाळीस सेकंदांवर आलं. भाचीनं तेही घड्याळ लावूनच मोजलं. त्यात एसएसडीचा वाटा मोठा, रॅमचा थोडा, पंख्यातल्या तुकड्याचा थोडा आणि मिंटचा उरलेला. दाजींना मात्र सगळं श्रेय "नवीन विंडोज"चं वाटतं, मी काही बोललो नाही.

काढलेल्या ५०० जीबीच्या डिस्कची तब्येत "गुड" होती, म्हणून तिला अडीच इंची यूएसबी केस आणली. आत वखारीचे जुने हिशेब आणि घरचे फोटो जसेच्या तसे आहेत. वर चिकटपट्टी लावून मार्करनं लिहिलं, "पुसू नये", आणि दाजींच्या कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवायला सांगितलं.